लिथियमची बाजू

४ मार्च

ती. ताईस,

साष्टांग घालायला खोलीत जागा नाही, म्हणून उभ्याउभ्याच नमस्कार. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला रंगाचे डबे, मधे मी. खिडकी आहे, पण ती समोरच्या इमारतीच्या पाठीकडे बघते.

नवं काम बरं आहे. मालक मला 'कलाकार' म्हणतो, म्हणजे जेवायची सुट्टी मागायची सोय नाही. हाताने रंगवलेल्या पाट्यांना पुन्हा दिवस आलेत. ज्या दुकानदारांनी मोठ्या ऐटीत प्लास्टिकचे बोर्ड लावले होते, तेच आता येऊन म्हणतात, "काहीतरी जुन्यासारखं द्या." मी देतो. अडचण एकच, हात थरथरतो. लिथियमच्या गोळ्यांची कृपा. काल एका चष्मेवाल्याची पाटी रंगवताना शेवटच्या अक्षराची शेपटी अशी हलली, की वाचणाऱ्याला वाटावं, आपल्याला चष्मा लागलाच. मालक हसला. मला हसू आलं नाही.

आपल्या करारानुसार पत्र कागदावर आणि हाताने. मागे माझं डोकं वर चढलं होतं तेव्हा मी तुला फोन करकरून छळलं, तेव्हापासून फोन फक्त कोणी मेलं-बिलं तर. शिवाय अक्षर पाहून तुला म्हणे माझी तब्येत कळते. मग बघ. बायपोलरचा सहा वर्षांचा आज्ञाधारक रुग्ण, रोज गोळ्या गिळतो, वेळेवर झोपतो आणि दिवसेंदिवस भाताच्या पेजेसारखा होत चाललाय.

एक नवी ओळख झाली. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतो. सगळे त्याला वाटाड्या म्हणतात आणि तोही स्वतःला तेच म्हणतो. पूर्वी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, हल्ली माणसं शुद्ध करतो. त्याच्या दाराची पाटी मी रंगवली. शनिवारी आठ-दहा जण गालिच्यावर डोळे मिटून बसतात. मीही बसणार आहे. डोळे मिटायला तरी डॉक्टरांची मनाई नसावी.

तुझा एकुलता एक,
ठोंब्या

१२ मार्च

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तरी लागू पडोत.

आमच्या लॅबमध्ये कवळ्यांची रांग लागली आहे. एका आजोबांना त्यांच्या तरुणपणीच्या फोटोतले दात हवेत. मी म्हटलं, दात देते, बाकीचं मागू नका. रागावून गेले आणि दुसऱ्या दिवशी मोठा फोटो घेऊन आले.

तुझं अक्षर पाहिलं. थरथर आहे, पण ओळी सरळ आहेत, कडेला समास सोडला आहेस आणि चार ठिकाणी कुरकुर केली आहेस. म्हणजे उत्तम आहेस. माझा भाऊ ठीक असला की थोडा रडका असतो. मला तो तसाच परवडतो.

हाताचं डॉक्टरबाईंना सांग. त्या रक्त तपासतील, गोळ्यांची मात्रा बघतील, थरथर कमी करायचा काही उपाय असेल तर देतील. माझ्यापाशी रडून फक्त टपालखात्याचं भलं होतं.

वाटाड्याबद्दल एवढंच सांगते, की यंत्रं विकणारा माणसं शुद्ध करायला लागला, तर त्याचा फिल्टर कोण बदलतं याची आधी चौकशी कर.

ताई

२५ मार्च

ती. ताईस,

तुझं पत्र मिळालं. इकडे सर्व कुशल. गोळ्या वेळेवर चालू आहेत, झोप भरपूर होते, भूकही चांगली लागते.

कामाची मोठी बातमी आहे. चौकातल्या तीन मजली इमारतीची अख्खी बाजू रंगवायचं काम मालकाने माझ्यावर टाकलंय. त्याला एक साधी पाटी हवी होती, मी त्याला सात नमुने काढून दिले. एकेका अक्षराला सावली, सावलीला सोनेरी कड. तो म्हणाला, एवढं कशाला? मी म्हटलं, लोक रस्त्यात थांबले पाहिजेत. शिडीवर चढलो की खाली उतरावंसं वाटत नाही. आणि डोक्यात इतक्या कल्पना आहेत की रंग कमी पडतील.

वाटाड्याकडे दोनदा जाऊन आलो. तो म्हणतो, तुझ्यात दरवाजे आहेत. मी म्हटलं, कुलपंही आहेत, रोज गिळतो.

तू काळजी करू नकोस. या पत्राचं अक्षरच बघ, म्हणजे खात्री पटेल.

तुझा,
ठोंब्या

१ एप्रिल

चि. ठोंब्यास,

बघ म्हणालास म्हणून अक्षर पाहिलं. नंतर आतशी भिंगाखालीही पाहिलं, कारण ते माझ्या टेबलावर असतंच.

खऱ्या दातांच्या ओळीत एखादा वाकडा, एखादा झिजलेला असतो. सगळे एकसारखे आले की ती कवळी, हे आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. तुझं पत्र कवळी आहे. जो माणूस कोणाच्याही दुकानाचं कसलंही अक्षर काढतो, तो स्वतःचं शहाणं अक्षर काढून पाठवू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कडेचा समास सोडलास, ओळी सरळ ठेवल्यास, फक्त थरथर काढायला विसरलास. लिथियम घेणाऱ्या माझ्या भावाचा हात इतका छान चालत नाही. म्हणजे गोळ्या बंद आहेत. आणि सावलीला सोनेरी कड म्हणजे काय, हे मी सहा वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे.

आता ऐक. गोळ्या चालू कर. मनाने नाही, आधी डॉक्टरबाईंकडे जाऊन. रक्त तपासून घे आणि रिपोर्टची प्रत मला पाठव. नाहीतर मी सुट्टी काढून येईन, त्या खाटेवर मी झोपेन आणि तू रंगाच्या डब्यांवर. माझं घोरणं तुला माहीत आहे.

ताई

२० एप्रिल

ती. ताईस,

पकडलंस. वाटाड्या म्हणतो की त्याला माणसाच्या आतलं दिसतं. त्याने तुझ्याकडे शिकवणी लावावी.

तीन आठवडे बंद होत्या. चढायला लागलो होतो, हेही खरं. पण हात परत आला होता गं. ब्रश टेकवावा आणि रेघ आपणहून पुढे जावी, असं किती वर्षांनी झालं. तुला चिडायचं तर चीड, पण त्या तीन आठवड्यांत मी मला आवडत होतो.

असो. डॉक्टरबाईंकडे गेलो, बोलणी खाल्ली, गोळ्या चालू केल्या. रिपोर्ट सोबत जोडलाय, खरा आहे, भिंगाखाली घाल. सोनेरी कडाही रद्द झाल्या. मालकाने सुटकेचा निःश्वास सोडला आणि मी पुन्हा पेज झालो.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाटाड्याची मोठी बैठक आहे. आदल्या दिवसापासून पोट रिकामं ठेवायचं, पाणीसुद्धा घोटभरच, मग तो काहीतरी खायला देतो. जमिनीतून उगवलेलं, अगदी नैसर्गिक, कारखान्याचा हात न लागलेलं. माझ्या आयुष्यात जे काही गिळतो ते सगळं कारखान्यातलं, तेव्हा एक दिवस हे. तुझ्या अटीप्रमाणे गोळी त्याही दिवशी घेणार, एकही चुकवणार नाही. मी शब्दाला जागतो.

तुझा,
ठोंब्या

२४ एप्रिल

चि. ठोंब्यास,

रिपोर्ट पाहिला, जिवात जीव आला. पेज होऊन का होईना, परत आलास.

हात परत आला होता, हे तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मला चीड आली नाही. वाईट वाटलं. पण तुझा हात आणि तू, यांतलं एकच ठेवायचं म्हटलं तर मी तूच ठेवीन, हात बिचारा गेला तरी चालेल.

बैठकीचं वाचून हसले. पाला खाऊन माणसं वर पोचत असती, तर शेळ्या कधीच्याच पोचल्या असत्या. आमच्या मालकीणबाईंनीही मागे असंच कच्चं कच्चं खायचं खूळ घेतलं होतं, आठ दिवसांत तोंड पिवळं पडलं. तू गोळ्या घेतोयस ना, मग जा, खा पाला. संध्याकाळी पोट दुखलं तर मला सांगू नकोस.

ताई

१६ मे

ती. ताईस,

डाव्या हाताने लिहितोय, समजून घे. उजवा खांदा अजून झोळीत आहे. फिट येताना अंग इतकं आखडतं की खांदासुद्धा निखळतो, हे ज्ञान मला फुकटात मिळालं.

तू दोन दिवस वॉर्डात माझ्या उशाशी बसलीस आणि एकदाही टोमणा मारला नाहीस. मी शुद्धीवर आलो तेव्हा सगळ्यात आधी त्याचीच भीती वाटली. वाटलं, आपण बहुतेक संपलोच, नाहीतर ही एवढी गोड बोलली नसती.

पण आता ऐक, बातमी आहे. मी नुसता बसलो होतो आणि बसल्या जागी फिट आली, हे मी तुला सांगितलं तसंच तिथेही सगळ्यांना सांगितलं. रक्तातलं लिथियम वर गेलेलं निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, लिथियम तुम्हाला सोसत नाहीसं दिसतं, फिटही त्यानेच आली असावी. अठ्ठावीस तारखेला बोलावलंय, तोवर मात्रा कमी केलीय. त्या दिवसापासून लिथियम कायमचं बंद करून दुसरं काहीतरी सुरू करणार आहेत.

मी नाही हं मागितलं. त्या स्वतः म्हणाल्या. सहा वर्षं ज्याच्यासाठी कुरकुरलो, ते खांद्याच्या मोबदल्यात मिळालं. सौदा वाईट नाही. खुश हो जरा.

तुझा,
ठोंब्या (डावखुरा)

१८ मे

आदरणीय भगिनीस,

आपल्या बंधूंनी तातडीच्या प्रसंगासाठी आपला पत्ता आमच्याकडे नोंदवला होता, म्हणून हे पत्र. आपण दुःखात असाल. दुःख ही केवळ अडलेली ऊर्जा असते.

त्या शनिवारी नेमकं काय घडलं, याविषयी आपल्या मनात गैरसमज राहू नये. सर्व प्रवाशांना मशरूमची समान मात्रा दिली गेली. ती मी स्वतः मोजतो. ही वनस्पती कोणालाही अपाय करत नाही, ती फक्त माणसाला त्याचा आरसा दाखवते. आपल्या बंधूंना मी आधी विचारलं होतं, कुठली औषधं चालू आहेत का? ते म्हणाले, जीवनसत्त्वं. तेव्हा जबाबदारी कोणाची, हे आपण सुज्ञ असल्याने जाणालच.

त्यांचं अंग आखडलं व तोंडाला फेस आला, तेव्हा आम्ही ते मुक्तीचं लक्षण मानून घंटा वाजवली. काही वेळाने शंका आली. रुग्णवाहिका वर बोलावली असती तर इतरांच्या प्रवासात व्यत्यय आला असता, म्हणून दोघांनी त्यांना हलकेच जिन्याने खाली नेऊन दुकानाच्या पायरीवर ठेवलं व तिथून फोन केला.

हा विषय आपण वाढवू नये, ही नम्र विनंती. गालिचा धुवायला द्यावा लागला, पण त्याबद्दल मी बोलत नाही. त्यांच्या चपला इथेच आहेत.

प्रकाशमय शुभेच्छांसह,
वाटाड्या

२२ मे

चि. ठोंब्यास,

'चि.' लिहिताना आज हात थांबला. मग चिरंजीव म्हणजे काय ते आठवलं आणि मुद्दाम ठळक लिहिलं.

तुझ्या वाटाड्याचं पत्र आलं. प्रत सोबत आहे. तू जमिनीवर तडफडत होतास आणि हे लोक घंटा वाजवत होते. मी त्याला उत्तर लिहिलंय. चपला त्याच्याकडेच ठेवायला सांगितल्यात, पळायला उपयोगी पडतील, कारण त्याचं पत्र मी पोलीस ठाण्यात देऊन आले आहे.

आता तुझ्याकडे वळते. जीवनसत्त्वं. वाटाड्याला औषधं लपवलीस, डॉक्टरांना मशरूम लपवलंस आणि मला पाला खिलवलास. खोटं बोलण्यात एवढी निष्पक्षता मी कोणात पाहिली नाही.

आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या एका डॉक्टरांना मी नाव न घेता विचारलं. ते चमकले. म्हणाले, लिथियमवर असलेल्या माणसाने असलं मशरूम खाल्लं तर फिट येऊ शकते, ही माहीत असलेली गोष्ट आहे. आणि उपाशी, पाण्याशिवाय बसवलं तर रक्तातलं लिथियमही वर जाणार, त्यात नवल काय. म्हणजे तू नुसतं काहीतरी चोरून खाल्लंस असं नाही. माझ्या धाकाने गोळीही इमानेइतबारे घेतलीस आणि वरून ते. मी गोळ्या घे म्हणाले, घेतल्यास. मी जा म्हणाले, गेलास. इतका आज्ञाधारक गाढव मला भाऊ म्हणून मिळावा आणि त्याला इतकी हुशार बहीण, जी वाचून हसली.

आणि आता डॉक्टरबाई लिथियम बंद करणार, कारण त्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे. तू खुश आहेस. मीही व्हावं म्हणतोस.

सहा वर्षांपूर्वी तू एका पहाटे आपल्या गल्लीतल्या सगळ्या पाट्या बदलल्यास. न्हाव्याच्या दुकानावर 'सर्वोच्च न्यायालय' लिहिलंस, आणि काय सुंदर लिहिलंस. मी टर्पेंटाइनचा डबा घेऊन दारोदार पुसत फिरले. ते आठवलं की आजही आपण दोघं हसतो. त्याच्या पुढचे तीन महिने मात्र आपण कधी काढत नाही. तू भिंतीकडे तोंड करून पडलास आणि मी घरातली प्रत्येक धारदार वस्तू कपाटात घालून किल्ली गळ्यात बांधून झोपायचे. तुला ते नीट आठवत नाही. मला विसरता येत नाही. त्यातून तुला बाहेर काढलं ते या गोळ्यांनी, ज्यांना तू रोज नावं ठेवतोस.

मी आत्ता डॉक्टरबाईंना फोन करू शकते. केलेला नाही. आज मी सांगितलं, तर उद्यापासून तू मला नीट फसवायला शिकशील. म्हणून अठ्ठावीस तारखेला तू सांग. कबूल करून त्यांनी लिथियम बदललं तर बदलू दे, ते त्यांचं काम, माझी तक्रार नाही. पण पूर्ण गोष्ट ऐकून बदलू दे. संध्याकाळी मला फोन कर. हा फोन मी 'कोणी मेलं-बिलं तर' यातच धरते. तो आला नाही, तर मी सांगेन आणि मग तू मला जन्मभर शिव्या घाल. जिवंत माणसाच्या शिव्या मला चालतील.

ताई

२९ मे

ती. ताईस,

काल फोनवर 'सांगितलं' एवढंच म्हणालो आणि ठेवला. बाकीचं कागदावर बरं.

खरं सांगायचं तर मी गप्प बसायचं ठरवूनच गेलो होतो. तुझं पत्र खिशात होतं, तरीही. वाटलं, ताईला काय, तिचा हात थरथरत नाही. तू फोन करशील तेव्हा करशील, मी म्हणेन की तिचा गैरसमज झालाय, ती फार काळजी करते. वाक्यं पाठ होती.

डॉक्टरबाई फार चांगल्या वागल्या. त्यानेच घोळ झाला. म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही नेमाने घेतलंत, तुमचा काही दोष नाही. हे औषधच दगाबाज निघालं." आणि लिथियमवर काट मारायला पेन उचललं. त्या खोलीत आम्ही दोघंच. त्यांना खरं माहीत नव्हतं आणि मला होतं. सहा वर्षं मी ज्याला शिव्या घातल्या, ते बिचारं न केलेल्या गुन्ह्यासाठी फासावर चाललं होतं आणि लिथियमची बाजू घेणारं कोणी नव्हतं. मला त्याची दया आली, असं लिहिणार होतो. पण नाही, ताई. मला माझी भीती वाटली. वाटलं, हे गेलं आणि पुन्हा ती भिंत आली, तर या बाईंना कळणारही नाही की काय चुकलं. त्या शोधत बसतील आणि उत्तर माझ्या खिशात.

म्हटलं, "थांबा." मग सगळं सांगितलं. बंद केलेल्या गोळ्या, मशरूम, जीवनसत्त्वं, सगळं. वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "तिथे आणखी कोणी असल्या गोळ्या घेणारं होतं का?" मला ठाऊक नव्हतं. इतके शनिवार शेजारी बसलो आणि कोणी कोणाला हे विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही घेता याचा मला राग नाही, मला माहीत नसतं याचा आहे. मी अंधारात औषध देते आणि मरता तुम्ही." एवढं बोलून रक्त काढायला पाठवलं.

लिथियम चालू राहणार. मात्रा थोडी कमीच ठेवून थरथरीसाठी वेगळं काहीतरी बघू म्हणाल्या. गांजापासून बुरशीपर्यंत सगळं बंद. त्या सांगेपर्यंत शिडी बंद, गाडी चालवणं बंद. मालकाला सांगितलं, त्याने मला जमिनीवर बसून करायच्या छोट्या पाट्या दिल्या. आज दिवसभर 'ढकला' आणि 'ओढा' रंगवलं, डाव्या हाताने.

घरी येऊन गोळी घेतली आणि रडलो. मरता मरता वाचलो म्हणून नाही. तो दुसरा, ज्याचा हात लोण्यासारखा चालायचा, जो पहाटे उठून गल्लीतल्या लोकांना न्यायालय बहाल करायचा, तो आता खरंच येणार नाही, म्हणून. मीच त्याला दारातून परत पाठवलं. तो तुला कधी आवडला होता का गं? टोमणा न मारता सांग.

ठोंब्या

३ जून

चि. ठोंब्यास,

आवडायचा. फार आवडायचा. इतकं मला कोणी हसवलं नाही.

पण तो निघून गेला की त्याच्या मागून जो यायचा, त्याच्यापाशी मी एकटीच असायचे. मला ते पुन्हा जमणार नाही. मी तशी दिसत नसले तरी मला ते झेपलं नव्हतं.

मला तू हवा आहेस. शनिवारी येते.

ताई